गोळ्याची वही रद्दीत घालण्याआधी कुणी वाचली होती का?

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आमच्या पेठेतलं सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूर

विषय: बालविभागातला शनिवारचा खेळ बंद करण्याचा ठराव आणि मुलांच्या अभिप्रायांची वही

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी बंद पाकिटातून दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. त्यानंतर दोन मासिक सभा झाल्या. दोन्ही वेळा 'विषयपत्रिकेत बसलं नाही' असं कळलं. म्हणून आता उघड लिहितो आहे. वाचनालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. माझं भांडण संस्थेशी नाही, एका ठरावाशी आहे, आणि पेठेतल्या माणसाला मी कुठल्या वाचनालयाबद्दल बोलतोय ते सांगावं लागणार नाही.

मी तिसरीत असताना आजोबांनी मला इथं बालसभासद केलं. आता आजीव सभासद आहे. शाहूपुरीत माझं मोबाईल आणि बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचं दुकान आहे. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आत आलं, तेव्हा तळमजल्यावरची बालविभागाची कपाटं आपण माणसांची साखळी करून रिकामी केली होती. त्या साखळीत माझ्या एका हाताला आजचे कार्यवाह होते आणि दुसऱ्या हाताला ग्रंथपालबाई. पाण्यात उभं राहून ज्यांनी पोरांची पुस्तकं वाचवली, त्यांच्याच सहीनं पोरांनी स्वतः लिहिलेली वही रद्दीत गेली. हे मला पचत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी घडलं ते थोडक्यात सांगतो. गेल्या दिवाळीनंतर, मंडळाच्या तोंडी परवानगीनं, दर शनिवारी चार ते सहा या वेळेत बालविभागाच्या कोपऱ्यात आम्ही एक खेळ मांडायला लागलो. यंत्र माझंच, सोनी कंपनीचा जुना पीएसपी. हातात धरून खेळायचं, 4.3 इंची पडद्याचं. त्यात चकती एकच, लोकोरोको नावाच्या खेळाची. एका मुलाला एक लेव्हल किंवा भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं, जे आधी संपेल ते. बाकीच्यांनी मागं उभं राहून बघायचं. पाळी संपली की टेबलावरच्या वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय आवडलं, काय आवडलं नाही, आणि हा खेळ कुणाला द्यावासा वाटतो. लिहिल्याशिवाय पुढची पाळी नाही. पोरांनीच वहीच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'गोळ्याची वही'.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या सभेत मंडळानं ठराव केला: 'बालविभागात मोबाईल व तत्सम उपकरणांवरील थिल्लर खेळ तत्काळ बंद करण्यात यावेत.' पीएसपी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात गेला. वही जुन्या वर्तमानपत्रांबरोबर गेली.

ठरावावर बोलण्याआधी या खेळात आहे तरी काय, ते सांगायला हवं. सभेतल्या एकाही सदस्यानं तो पाहिलेला नव्हता, आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्याशी नुसत्या नावावरून वाद घालून काही साधायचं नाही.

लोकोरोको 2006 चा. जपानमध्ये त्सुतोमु कोनो यांच्या दिग्दर्शनाखाली, सोनीच्या जपान स्टुडिओत तयार झाला. एक पिवळा, गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचा गोळा असतो. त्याला पोचवायचं असतं डोंगर, दऱ्या, झाडांच्या पोकळ्या आणि बर्फाचे उतार ओलांडून पलीकडं. इतर उड्यांच्या खेळांत आपण बटण दाबतो आणि गडी पळतो. इथं गोळ्याला पळवणारं बटणच नाही. यंत्राच्या वरच्या कडेला दोन बटणं आहेत. डावं दाबलं की अख्खी जमीन डावीकडं कलते, उजवं दाबलं की उजवीकडं. दोन्ही दाबून सोडली की गोळा उडतो. बस. फळ खाल्लं की गोळा फुगतो. वीस होईपर्यंत असा वाढत जातो. मग गोल चिन्हाचं बटण दाबलं की तो फुटून बारक्या गोळ्यांचा घोळका होतो आणि जिथं मोठा अडकला असता त्या फटीतनं एकेक करून घरंगळत जातो. तेच बटण दाबून धरलं की सगळे पुन्हा एक.

आणि हे सगळे गातात. एकटा गोळा एका आवाजात, फुटला की कोरसात. गाण्याची भाषा जगातली कुठलीच नाही, खेळ बनवणाऱ्यांनी मनानं रचलेली आहे. काही ठिकाणी एखादा प्राणी झोपलेला असतो आणि ठराविक संख्येचे गोळे जमून गायले तरच तो जागा होतो. मागं कुणी राहिला असेल तर गाणं होत नाही.

नातवाला सोडायला येणाऱ्या एका आजींनी पहिल्याच शनिवारी खांद्यावरून डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "आरं, हे तर सुपात दाणं घोळल्यागत हाय." मी हा खेळ पंधरा वर्षांच्या वर खेळतोय. इंग्रजी मासिकांत आणि परीक्षणांत त्याच्याबद्दल बरंच वाचलं आहे. त्याचं इतकं नेमकं वर्णन मला कुठं सापडलेलं नाही. सूप कलतं करायचं, दाण्याला हात लावायचा नाही, दाणा आपला आपण घरंगळतो; खडा कुठं राहतो आणि तांदूळ कुठं येतो हे मनगटाला कळतं. लोकोरोको तेच मागतो. आजींचं हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही आता नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली हरकत 'मोबाईल व तत्सम' या शब्दांवर. दुकानात रोज मोबाईल उघडतो, त्यामुळं हे मी अधिकारानं सांगू शकतो. पोरांच्या हातातल्या मोबाईलची मलाही तुमच्याइतकीच काळजी आहे. फुकटचा खेळ उतरवायचा, दर दोन मिनिटांनी जाहिरात बघायची, नंतर 'हिरे' विकत घेण्यासाठी वडिलांच्या खात्यातनं पैसे जायचे. अशा तक्रारी घेऊन आईबाप माझ्या काउंटरवर येतात. पण या यंत्रात सिमकार्ड नाही. वायफायला बाजूला वेगळी खटकी आहे आणि ती पहिल्या दिवसापासून बंद आहे. या यंत्रावरून काही विकत घेणं तर आता शक्यच नाही, कारण पीएसपीवरची खरेदी कंपनीनं 2021 च्या जुलैत बंद केली. चकतीत जेवढं आहे तेवढंच. 40 लेव्हल संपल्या की खेळ संपला. 'अजून खेळ, उद्या परत ये, नाहीतर बक्षीस जाईल' असं तो कुणाला सांगत नाही. आठ मिनिटं झाली की पोरं यंत्र खाली ठेवायची, आणि तेवढ्या महिन्यांत त्यावरून रडारड झालेली मी पाहिली नाही. डोळ्यांबद्दल एका पालकांनी काळजी व्यक्त केली होती असं समजलं. त्यांची काळजी रास्त आहे. त्यांना मी भेटायला तयार होतो, पण मला बोलावलं गेलं नाही. आठ मिनिटं जास्त वाटत असतील तर पाच करता आली असती.

दुसरी हरकत 'थिल्लर' या शब्दावर, आणि इथं मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

बाफ्टा ही ब्रिटनमधली चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे पुरस्कार देणारी संस्था आहे, ती खेळांनाही पुरस्कार देते. 2006 चे तिचे दोन पुरस्कार लोकोरोकोला मिळाले: मुलांसाठीचा सर्वोत्तम खेळ आणि सर्वोत्तम पात्र. अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर 'सर्वांसाठी' असं वयोमान छापलेलं आहे. 2017 मध्ये मोठ्या पडद्याच्या यंत्रासाठी तो नव्यानं काढला गेला. 2024 मध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून गाजलेल्या अॅस्ट्रो बॉटमध्ये एक अख्खी लेव्हल या गोळ्याच्या सन्मानार्थ आहे. अठरा वर्षांनीही खेळ बनवणाऱ्यांना जो आठवतो, त्याला न बघता थिल्लर म्हणू नये एवढीच विनंती.

पण पुरस्कार सांगून मला तुम्हाला गप्प करायचं नाही. पुरस्कार मिळाला म्हणून पोरांना आवडायलाच हवं असं नाही, आणि सगळ्यांना तो आवडलाही नाही. नेमकं तेच त्या वहीत होतं.

पहिले तीन शनिवार वहीत काही नव्हतं. 'छान. काही नाही. भावाला.' सगळ्यांचं हेच. चौथ्या शनिवारी चौथीतल्या एका पोरानं लिहिलं, 'ह्यात आपण गोळा न्हाई. आपण जमीन हाय.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. आपण नायक नाही, नायकाच्या पायाखालची भुई आहोत, हीच तर या खेळाची सगळी कल्पना आहे. ते त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या बोटांना कळलं आणि त्यानं ते शब्दांत मांडलं. पुढच्या आठवड्यापासून मागं उभं राहणारी पोरं सूचना करताना 'गोळ्याला तिकडं ने' असं म्हणायची बंद झाली. 'भुई कलती कर' म्हणायला लागली.

पाचवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'बारकं झालं की फटीतनं जातंय पण एखादं मागं राहतंय. एक राहिलं होतं म्हणून मी परत गेलो.' एका ताईंनी वही चाळताना तांबड्या पेननं 'गेलो' खोडून 'गेले' केलं. पुढच्या शनिवारी तिनं ते पुन्हा 'गेलो' केलं. आपल्याकडच्या पोरी घरात जशा बोलतात तसं तिनं लिहिलं होतं आणि ते तिला तसंच हवं होतं. ही मुलगी वर्गात वाचायला उभी राहत नाही असं तिच्या आईनंच मला सांगितलं.

सातवीतला एक जण खेळावर नाराज होता. त्यानं पानभर लिहिलं. लई सोपा आहे, पडलं तरी फार काही जात नाही, पुढच्या लेव्हलमध्ये रंग बदलतो पण युक्त्या त्याच, मोठ्या पोरांना दुसरा पाहिजे. बरोबर आहे त्याचं. मीही या खेळाचा आंधळा भक्त नाही. शेवटच्या टप्प्यात तो तेच तेच करायला लावतो, काही वेळा उडी नेमकी लागत नाही, आणि प्रत्येक लेव्हलमध्ये लपलेले तिन्ही मुइमुइ, म्हणजे बारके जीव, शोधायचे नसतील तर पुष्कळशा लेव्हल नुसत्या घरंगळत पार होतात. खेळ आला त्या वर्षी परदेशातल्या परीक्षकांपैकी काहींनी हेच म्हटलं होतं. त्यांचं एक अक्षर न वाचता आपल्या पेठेतल्या सातवीतल्या पोरानं तोच दोष बरोबर हेरला. आणि त्याच्या पानाखाली चौथीतल्या पोरानं दोन ओळींत उत्तर दिलं: 'सोपा हाय म्हणून माझी बारकी बहीण पण खेळत्या. तू मुइमुइ शोध की.' सातवीतल्यानं पुढच्या आठवड्यात तिन्ही शोधले आणि आधीच्या पानावर बाण काढून लिहिलं, 'हे अवघड हाय. मान्य.'

एकानं लिहिलेलं खेळलेल्या दुसऱ्यानं वाचावं, पटलं नाही तर सांगावं, आणि पहिल्यानं पुन्हा खेळून बघून आपलं मत बदलावं, याला मी समीक्षा म्हणतो. पुस्तकांवर पोरांनी असं बोलावं म्हणून आपण किती वर्षं अभिप्राय पेटी ठेवली आहे. त्या पेटीत चॉकलेटचे कागद निघतात, हे मंडळालाही माहीत आहे.

गाण्याबद्दल एका मुलीचं म्हणणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'गाणं मला कळत नाही. आईला पण कळत नाही. आजीला पण कळत नाही. म्हणून आम्ही तिघी मिळून म्हणतो.' ज्यानं ती नसलेली भाषा रचली त्याला यापेक्षा वेगळं काय हवं असेल? आणि एका पोरानं लिहिलं होतं की 'मोजा' नावाचे खेळातले काळे केसाळ शत्रू येऊन बारके गोळे पळवतात तेव्हा गाण्यातला एक आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. त्यानंतर मी स्वतः कान देऊन ऐकायला लागलो.

तिसरी हरकत वहीचीच आहे, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

वही रद्दीत गेल्याचं मला सोमवारी कळलं. ग्रंथपालबाईंना मी दोष देत नाही. त्यांना 'कोपरा मोकळा करा' एवढाच निरोप होता, आणि त्यांनी मला रद्दीचं दुकान कुठलं ते लगेच सांगितलं. लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात मी दीड तास बसून गठ्ठे सोडले. आपल्या वाचनालयाचा शिक्का असलेली वर्तमानपत्रं सापडली, दोन पुरवण्यांवर तर शब्दकोडं सोडवणाऱ्या नेहमीच्या सभासदांचं अक्षरही ओळखू आलं. वही सापडली नाही. पुठ्ठ्याच्या वह्या वेगळ्या निवडून त्याच सकाळी टेम्पो गेला होता. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "दादा, आधी सांगितलं असतं तर बाजूला काढली असती की." मलाच आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दोनशे पानी वही होती, जवळपास भरलेली. दुसरी वही नुकतीच सुरू केली होती. ती वाचली, कारण 'गेलो'वाल्या मुलीनं मुखपृष्ठाचं चित्र पुरं करायला घरी नेली होती. त्यातली भरलेली पानं अकरा.

खरी कॉर्नरवरून येता-जाता कॅमेऱ्याचा मानस्तंभ आपण सगळेच बघतो. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, 1920 साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची 'सैरंध्री' पडद्यावर आली. सिनेमात काम करणं घरंदाज मानलं जात नव्हतं तो काळ. आज त्याच गोष्टीला आपण कलापूरचा मान म्हणतो. पण त्यांचे बहुतेक मूकपट आज पूर्ण उरलेले नाहीत. ते बघून बाहेर पडलेली पेठेतली माणसं, गवळी, तांबट, तालमीतली पोरं, एकमेकांना काय म्हणाली असतील? कुणी एखाद्या वहीत चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर आज आपण ती वही काचेच्या कपाटात ठेवली असती.

खेळांचंही तेच होत आहे आणि सिनेमापेक्षा फार लवकर होत आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं 2023 मध्ये अभ्यास करून सांगितलं की 2010 च्या आधी तिथं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. पीएसपी बनणं दहा वर्षांपूर्वीच थांबलं. ज्या जपान स्टुडिओनं लोकोरोको केला त्याचीही 2021 मध्ये फेररचना झाली आणि जुनं रूप राहिलं नाही. माझी चकती मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात घेतली होती. तशी दुसरी मिळेल, जुन्या मालात का होईना. कोल्हापुरातल्या पोरांनी त्या खेळाबद्दल स्वतःच्या भाषेत काय म्हटलं ते मात्र जगात त्या एका वहीतच होतं. आणि ते जपणं हे वाचनालयाचं काम आहे, दुरुस्तीच्या दुकानाचं नाही.

चौथी गोष्ट तातडीची आहे, म्हणून ती हरकत म्हणून नाही, सूचना म्हणून घ्या. पीएसपी बॅटरीसकट कपाटात ठेवला आहे. या यंत्राच्या जुन्या लिथियम बॅटऱ्या फुगतात. फुगली की मागचं झाकण उचलतं, चकतीचं दार नीट लागत नाही, आणि फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. मी ती दर महिन्याला काढून काचेवर ठेवून बघत होतो, सपाट बसते की डुगडुगते. कपाट बंद झाल्यापासून कुणी पाहिलेली नाही. शेजारी दाखल नोंदवह्या आहेत. मी दोनदा तोंडी सांगितलं, 'किल्ली अध्यक्षांकडं आहे' असं उत्तर मिळालं. अध्यक्षसाहेब, खेळाबद्दल तुमचं मत काहीही असो, किल्ली तेवढी पाठवा.

त्या यंत्राचं उजवं बटण दोनदा गेलं होतं, तेही सांगतो. आतलं रबरी पॅड झिजतं आणि जमीन एकाच बाजूला कलायला लागते. दुसऱ्यांदा दुरुस्ती केली ती बालविभागातच, पोरांसमोर. टेबलावर पांढरा रुमाल पसरला, सात पोरं भोवती उकिडवी बसली, आणि एकेक स्क्रू निघाला की सातवीतला तो पोरगा तो क्रमानं कागदावर मांडून पेन्सिलीनं आकडा घालत होता. झाकण लावून बटण दाबलं, जमीन उजवीकडं कलली, आणि गोळा गायला लागला. त्या दिवशी वहीत तिघांनी आवडलेल्या गोष्टीत 'स्क्रू' लिहिलं.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

या आठवड्यात कपाट उघडून बॅटरी बाहेर काढू द्यावी. मंडळाच्या सदस्यासमोर काढतो, लेखी पावती देतो.

उरलेल्या वहीला दाखल क्रमांक द्यावा आणि ती बालविभागाच्या संग्रहात घ्यावी. अकरा पानं आहेत म्हणून कमी समजू नये. पुढं पोरांनी कशावरही लिहिलेले अभिप्राय, मग ते पुस्तकावर असोत, नाटकावर असोत की खेळावर, त्यांचे लेखक असलेल्या पोरांना विचारल्याशिवाय रद्दीत घालू नयेत असा साधा नियम करावा. गेलेल्या वहीबद्दल पोरांजवळ एका वाक्याची दिलगिरी व्यक्त करावी. माझ्याजवळ नको.

ठराव दोन शनिवारांपुरता स्थगित ठेवावा. त्या दोन शनिवारी मंडळाच्या किमान दोन सदस्यांनी बालविभागात येऊन बसावं, स्वतः एक लेव्हल खेळावी आणि इतरांसारखंच वहीत लिहावं. त्यानंतर जे ठरवायचं ते ठरवा. इतिवृत्तातला 'थिल्लर' हा शब्द मात्र पुढच्या सभेत वगळावा. तो खेळाला नाही, त्यावर विचार करणाऱ्या पोरांना लागला आहे. एकीनं मला विचारलं, "काका, थिल्लर म्हणजे काय?" मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला. तो तिच्या खेळाला का लावला, ते मला सांगता आलं नाही.

आणि सगळं बघून-वाचूनही तुमचा निर्णय 'बंद' असाच राहिला, तर तो मी मानेन. अट एकच, त्याची कारणं बालविभागाच्या फळ्यावर पोरांना वाचता येतील अशा भाषेत लिहावीत आणि खाली उत्तराला जागा सोडावी. सातवीतला तो पोरगा उत्तर लिहील. तुमचं कारण खरं असेल तर 'मान्य' असंही लिहील, ते मी पाहिलेलं आहे.

येत्या शनिवारी चार वाजता मी वाचनालयाच्या पायरीवर असेन. सोबत नवी बॅटरी, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि दुसरी वही असेल. तिच्या मुखपृष्ठावरचं चित्र पुरं झालं आहे: वीस गोळे ओळीनं उतारावरून येताहेत, आणि शेवटचा जरा मागं राहिला आहे.

आपला,
बालविभागाचा जुना सभासद,
शाहूपुरी, कोल्हापूर